जमातीचा पैसा, जमातीची भाषा : बेने इस्रायलांच्या धर्मजीवनाला मिळालेल्या आश्रयाचा इतिहास

आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीत, अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा, मुरुड आणि पनवेल या टापूतील गावोगावी, शेकडो वर्षे वस्ती करून राहिलेला बेने इस्रायल हा ज्यू समाज अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एकाही सिनेगॉगविना, म्हणजे ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनामंदिराविना, आपला धर्म सांभाळत होता. पुढच्या दीडशे वर्षांत याच समाजाने मुंबई, ठाणे, पुणे आणि कोकण येथे प्रार्थनामंदिरे उभारली, हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, शाळा व नियतकालिके चालवली, आणि मोशे व योसेफ यांची चरित्रे साकी-दिंडीत बांधून कीर्तनातून गायली. या साऱ्यासाठी पैसा लागला आणि तो वेगवेगळ्या हातांनी आला : लष्करी पेन्शनीतून, बगदादी व्यापाऱ्यांच्या पेढ्यांतून, लंडनच्या संस्थांतून आणि बहुतेक वेळा जमातीच्या स्वतःच्या वर्गणीतून. त्या आश्रयांपैकी कोणते समाजात रुजले आणि का रुजले, हे पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. जेथे पैशाचा विनियोग ठरवण्याचा अधिकार जमातीकडे राहिला आणि जेथे त्या पैशातून उभे राहिलेले काम जमातीच्या बोलीत व सवयीत उतरले, तेथेच ज्यू धर्माशी माणसांचे नाते घट्ट झाले.

बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली आणि जी बुडाली त्यांना नवगावच्या किनाऱ्यालगत पुरण्यात आले. कोकणातील गावांत त्यांनी तेलाचा घाणा चालवण्याचा व्यवसाय पत्करला आणि शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, ते घाणा बंद ठेवत असल्यामुळे शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. दिवे, पेण, केहीम, राजपुरी, तळे, अष्टमी, झिराड या गावांवरून दिवेकर, पेणकर, केहिमकर, राजपूरकर, तळकर, अष्टमकर, झिराडकर ही आडनावे रूढ झाली. पुत्राची सुंता, शनिवारची विश्रांती, खवले व पर असलेलीच मासळी खाणे, आणि देवाच्या एकत्वाची ग्वाही देणारी ‘शमा’ ही हिब्रू प्रार्थना प्रत्येक मंगल-अमंगल प्रसंगी म्हणणे, एवढा धर्माचा गाभा त्यांनी ग्रंथांविना टिकवला. सणांची नावे मराठी झाली होती. वर्षारंभ हा ‘नव्याचा सण’ होता. दिवसभर उपास करून दारे लावून घरात बसण्याचा प्रायश्चित्ताचा दिवस हा ‘दारफाळणीचा सण’ होता. आणि यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस, त्या दिवशी वालाचे बिरडे खाल्ले जात असल्याने, ‘बिरड्याचा सण’ म्हणून ओळखला जात होता.

या काळातील धर्मजीवनाला संस्थात्मक आश्रय नव्हता, पण व्यवस्था होती. दाविद राहाबी नावाच्या एका ज्यू पाहुण्याने कोकणात येऊन या लोकांना ओळखले, काही कुटुंबांतील तिघांना हिब्रू प्रार्थना व विधी शिकवले आणि त्यांना ‘काजी’ नेमले, अशी समाजाची दृढ समजूत आहे. राहाबीच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काहींच्या मते तो मध्ययुगातला, तर काहींच्या मते अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्यातला. काळ कोणताही असो, काजीचे पद वंशपरंपरेने चालत राहिले, गावोगाव फिरून लग्ने लावणे, सुंता करणे आणि तंटे मिटवणे ही त्यांची कामे होती, आणि त्यांचा निर्वाह यजमानांनी दिलेल्या दक्षिणेवर होत होता. धर्माला लागणारा खर्च घरटी, प्रसंगाप्रसंगाने आणि धान्य-नारळाच्या रूपातही होत असे, आणि धर्मकार्यासाठी पैसा साठवण्याची व्यवस्था त्यात नव्हती.

अठराव्या शतकात कोकणातील बेने इस्रायल मुंबईत येऊ लागले, तेव्हा ही स्थिती पालटली. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात त्यांना शिपाईगिरी मिळाली, पुष्कळ जण सुभेदारीपर्यंत चढले, आणि घाण्याच्या अनिश्चित मिळकतीऐवजी दरमहा पगार व पुढे पेन्शन मिळणारा एक वर्ग जमातीत प्रथमच निर्माण झाला. त्या वर्गातील सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, यांनी 1796 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात पहिले सिनेगॉग बांधले आणि त्याला ‘शाआर हराहामीम’, म्हणजे दयेचे द्वार, असे नाव दिले. म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत असताना सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन असा नवस दिवेकरांनी केला होता, असे परंपरा सांगते. मंदिर उभे राहिले तरी त्यात ठेवण्यासाठी तोराची, म्हणजे मोशेच्या पंचग्रंथाची, हस्तलिखित गुंडाळी हवी होती; ती मिळवण्यासाठी दिवेकर कोचीनला गेले आणि 1797 मध्ये तेथेच निवर्तले. ज्या रस्त्यावर हे मंदिर होते त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव पडले, आणि बेने इस्रायल सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत असल्याने जवळच्या रेल्वेस्थानकाचे ‘मस्जिद’ हे नाव या ‘जुन्या मशिदी’वरून आले असे सांगितले जाते. 1860 मध्ये मंदिर सध्याच्या जागी नव्याने बांधण्यात आले.

सिनेगॉगबरोबर जमातीला एक सामाईक तिजोरी मिळाली, आणि हा बदल वास्तूइतकाच महत्त्वाचा होता. मुकादम हा प्रमुख, चौगुले हे त्याचे सल्लागार, गबाई हा खजिनदार, हजान हा प्रार्थना चालवणारा आणि शमाश हा मंदिराची देखभाल करणारा, अशी पदांची रचना झाली, ज्यात मराठी गावगाड्यातील शब्द आणि हिब्रू शब्द शेजारी शेजारी नांदू लागले. नवसाच्या रकमा, लग्नकार्यातील देणग्या, जमातीचे नियम मोडणाऱ्यांकडून घेतलेला दंड आणि सणासुदीला तोराची पेटी उघडण्याच्या वा तोरा वाहून नेण्याच्या मानाचा लिलाव, हे या तिजोरीचे मुख्य उत्पन्न होते. मानाचा लिलाव आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. परंतु त्या पद्धतीमुळे धर्मकार्याचा खर्च कोणा एका धनिकावर अवलंबून राहिला नाही, आणि जमलेल्या पैशाचा हिशोब सर्वांसमोर राहिला. पगारदार शिपायांच्या आणि कारकुनांच्या या व्यवस्थेने कोकणातही मूळ धरले : रेवदंड्यात 1842, अलिबागेत 1848 आणि पनवेलीत 1849 या वर्षी सिनेगॉग उभे राहिले, तर ठाण्यात 1879 मध्ये. अलिबागच्या ज्या गल्लीत ते आहे तिला आजही इस्रायल आळी म्हणतात.

मंदिरे झाली, पण त्यांतील हिब्रू प्रार्थना समजणारे फार थोडे होते. ही उणीव भरून काढण्यासाठी पहिला हात कोचीनच्या ज्यूंनी दिला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून आलेले शिक्षक व हजान मुंबईत आणि कोकणात प्रार्थनेची रीत शिकवू लागले; त्यांपैकी शेलोमो सालेम शुर्राबी यांनी बेने इस्रायलांमध्ये आयुष्य घालवले, आणि त्यांच्या प्रेरणेने मुंबईत 1840 मध्ये ‘शाआरे रासोन’ ही ‘नवी मशीद’ उभी राहिली. दुसरा हात अनपेक्षित दिशेने आला. 1813 पासून मुंबईत काम करणाऱ्या अमेरिकन मिशनऱ्यांनी आणि पुढे स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांनी आपल्या शाळांत बेने इस्रायल मुलांना प्रवेश दिला, बेने इस्रायल शिक्षक नेमले, जुना करार मराठीत उपलब्ध करून दिला, आणि विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. या शाळांना परदेशी चर्चचा पैसा होता आणि धर्मांतर हा त्यांचा उघड हेतू होता. त्या हेतूला यश जवळजवळ आलेच नाही, मात्र हिब्रू वाचता येणारी आणि मराठीत लिहिता येणारी एक पिढी त्या शाळांतून बाहेर पडली. आश्रय देणाऱ्याचा हेतू आणि घेणाऱ्याने त्याचा केलेला उपयोग यांत किती अंतर पडू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण या इतिहासात नाही.

त्या पिढीचे सर्वांत फलदायी प्रतिनिधी म्हणजे जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905). स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले राजपूरकर 1856 मध्ये मुंबईच्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या ज्यू शाळेत शिक्षक झाले, 1861 मध्ये मुख्याध्यापक झाले आणि पुढे सुमारे चाळीस वर्षे त्या पदावर राहिले. मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक आणि फेलो असा मान मिळवलेल्या या विद्वानाने ज्यू प्रार्थनाविधींच्या वीसहून अधिक ग्रंथांचे मराठी भाषांतर केले. त्यामुळे सिनेगॉगमध्ये बसलेल्या माणसाला आपण काय म्हणत आहोत हे पहिल्यांदा पानावर वाचता आले. ज्या शाळेने राजपूरकरांना चार दशके पगार दिला ती बगदादहून 1832 च्या सुमारास मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून या व्यापाऱ्याच्या दानातून चालत होती, ही गोष्टही नोंदवली पाहिजे. कारण पगाराची निश्चिती नसती तर एका शिक्षकाच्या हातून एवढे भाषांतरकार्य होणे कठीण होते.

छापील पुस्तकांपैकी सर्वांत घरगुती पुस्तक म्हणजे हग्गादा. पेसह या सणाच्या पहिल्या रात्री कुटुंबाने एकत्र बसून मिसरच्या दास्यातून इस्रायलांची सुटका कशी झाली हे वाचायचे असते; त्या वाचनाच्या पोथीला हग्गादा आणि त्या विधिवत भोजनाला सेदेर म्हणतात. मुंबईत 1846 मध्ये हिब्रू मजकुरासोबत मराठी भाषांतर असलेला हग्गादा शिळाछापावर निघाला, आणि त्याच्या संपादनात कोचीनच्या हालेगुआ घराण्यातील एक व कोकणच्या गालसूरकर घराण्यातील एक असे दोघे सहभागी होते. 1874 मध्ये पुण्यात तळकर आडनावाच्या दोघांनी काढलेला हग्गादा छापण्याचे काम विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात झाले. त्यातील चित्रांत पेसहसाठी लागणारी बिनखमिराची भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. युरोपातील जुन्या हग्गादांमधील चित्रे घेऊन काम भागवणे स्वस्त पडले असते. तरीही मिसरमधून बाहेर पडलेल्या लोकांच्या कथेशेजारी आपल्याच ओटीवरच्या, आपल्यासारख्या नेसलेल्या बायका दाखवण्याचा खर्च प्रकाशकांना योग्य वाटला. वाचणाऱ्या मुलीला ही कथा आपल्या घराची वाटावी, यासाठी छापील पानाने याहून अधिक काही करणे शक्य नव्हते.

पण वाचता न येणाऱ्यांचे काय, हा प्रश्न उरलाच होता, आणि त्याचे उत्तर 1880 च्या सुमारास कीर्तनाने दिले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर, डेव्हिड हाईम दिवेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापले आणि जुन्या करारातील आख्याने मराठी कीर्तनाच्या साच्यात बसवली. मराठी श्रोत्याला परिचित असलेली निवेदन व गायन यांची सांगड, ओव्या, साक्या आणि दिंड्या, मागे धरणाऱ्यांचा सूर, टाळ आणि पेटी हे सारे तसेच राहिले. आख्यानाचा नायक मात्र अब्राहाम, योसेफ किंवा मोशे झाला, आणि हिब्रू वचने संस्कृत वचनांच्या जागी आली. कीर्तनासाठी इमारत लागत नव्हती, पंडित लागत नव्हता आणि श्रोत्याला अक्षरओळखही लागत नव्हती. लागत होता तो सरावासाठी वेळ, रचना छापण्यासाठी थोडा पैसा आणि ऐकायला जमणारी जमात. आख्याने पुस्तिकांच्या रूपाने निघू लागल्यावर ती मुंबईबाहेरच्या गावांतही गायली जाऊ लागली. धर्मशिक्षणावर झालेल्या सर्व खर्चांत सर्वांत कमी पैशात सर्वांत अधिक माणसांपर्यंत पोचलेला हा उपक्रम होता, असे म्हणता येते.

मोठ्या दानांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. डेव्हिड ससून यांनी भायखळ्यात मागेन डेव्हिड (1861) आणि पुण्यात ओहेल डेव्हिड ही भव्य सिनेगॉग बांधली. पुण्यातील लाल विटांच्या वास्तूला लोक ‘लाल देऊळ’ म्हणतात. ससूनांचे औदार्य निर्विवाद होते, मात्र अरबीभाषक बगदादी ज्यू आणि मराठीभाषक बेने इस्रायल यांच्यात दुरावा होता. 1836 मध्येच मुंबईतील काही बगदादी ज्यूंनी सामाईक दफनभूमीत आपल्या कबरी वेगळ्या ठेवण्यासाठी भिंत घालण्याची परवानगी सरकारकडे मागितली होती, आणि पुढेही बेने इस्रायलांना पूर्ण ज्यू मानावे की नाही याबद्दल बगदादी मंडळींत शंका व्यक्त होत राहिली. रंगूनच्या मुस्मेआह येशुआ सिनेगॉगमध्ये तर बेने इस्रायलांना व्यवस्थापनाच्या मताधिकारापासून दूर ठेवण्यात आले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि 1935 मध्ये रंगून उच्च न्यायालयाने बेने इस्रायलांच्या बाजूने निकाल दिला. दुसऱ्याने बांधलेल्या मंदिरात बसायला जागा मिळाली तरी मताला जागा मिळत नाही, हा अनुभव जमातीने पुरेपूर घेतला. पुण्याच्या बेने इस्रायलांनी 1921 मध्ये रास्ता पेठेत ‘सुक्कथ शेलोमो’ हे स्वतःचे सिनेगॉग उभारले, त्यामागील निकड या पार्श्वभूमीवर समजते.

बाहेरची मदत घेऊनही सूत्रे आपल्या हाती ठेवण्याचा यशस्वी प्रयोग शाळेच्या रूपाने झाला. हाईम सॅम्युएल केहिमकर (1830–1908) यांनी भाऊ व सहकाऱ्यांसह 1875 मध्ये मुंबईत इस्रायलाइट स्कूल सुरू केले, ज्यात मराठी आणि इंग्रजीबरोबर हिब्रू शिकवले जात असे. मिशनच्या शाळेत ज्ञान मिळते पण धर्म धोक्यात येतो, ही पालकांची काळजी केहिमकरांना ठाऊक होती. जगभरच्या ज्यूंच्या शिक्षणासाठी व हक्कांसाठी 1871 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने या शाळेला अनुदान दिले. चालक मात्र बेने इस्रायलच राहिले. केहिमकरांनी आपल्या समाजाचा विस्तृत इतिहास 1897 मध्ये इंग्रजीत लिहून पूर्ण केला, कारण परदेशातील धर्मबांधवांना हा समाज कोण आहे हे सांगितल्याशिवाय त्यांची साथ मिळणार नाही, हे त्यांना कळले होते. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1937 मध्ये तेल अवीवमध्ये प्रसिद्ध झाला. शाळेला पुढे हाँगकाँग-शांघायचे उद्योगपती सर एली कदूरी यांची मोठी देणगी मिळाली आणि माझगावच्या या शाळेला त्यांचे नाव देण्यात आले. 1905 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन 1922 पासून पाव शतकाहून अधिक काळ तिच्या मुख्याध्यापिका होत्या. एका समाजाने आपल्या शाळेची धुरा त्या काळात इतकी वर्षे एका स्त्रीकडे सोपवली, हे त्या समाजाच्या प्रगल्भतेचे लक्षण आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी आश्रयाची रूपे आणखी वाढली. 1877 च्या ‘सत्यप्रकाश’पासून सुरू झालेल्या नियतकालिकांच्या परंपरेत एकामागून एक पत्रे निघाली, वर्गणीदारांअभावी बंद पडली आणि नव्या नावाने पुन्हा निघाली. 1913 मध्ये बेने इस्रायल स्त्री मंडळ स्थापन झाले, आणि 1917 मध्ये गावोगावच्या प्रतिनिधींची पहिली बेने इस्रायल परिषद भरली. 1925 मध्ये डॉ. जेरुशा झिराड (1890–1983) यांच्या पुढाकाराने मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी प्रार्थनासंस्था निघाली. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेताना झिराड यांचा लिली माँटेग्यू यांच्या उदारमतवादी ज्यू चळवळीशी परिचय झाला होता, आणि सिनेगॉगपासून दुरावत चाललेल्या सुशिक्षित तरुणांसाठी समजेल अशा भाषेतील प्रार्थना हवी, हे त्यांनी तेथे पाहिले होते. पुढे कामा रुग्णालयाच्या अधीक्षक झालेल्या आणि 1966 मध्ये पद्मश्री मिळालेल्या झिराड यांनी परदेशातील विचार आणला, परंतु संस्था घडवली ती मुंबईच्या माणसांनी. ‘रोदेफ शालोम’ हे तिचे सिनेगॉग त्याची साक्ष आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते. इस्रायल राष्ट्राच्या स्थापनेनंतर त्यांतील बहुसंख्य तिकडे गेले आणि आज भारतातील ज्यूंची संख्या चार-पाच हजारांच्या आसपास आहे. संख्या घटली तसे जमातीच्या तिजोरीवर चालणाऱ्या संस्थांना आंतरराष्ट्रीय ज्यू संघटनांचे साहाय्य घ्यावे लागले. 1960 च्या दशकात मुंबईत व्यवसायशिक्षण देऊ लागलेली ओआरटी ही त्यांपैकी एक. तिकडे इस्रायलमध्ये धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी सक्तीची केली, तेव्हा त्यांनी निदर्शने केली आणि 1964 मध्ये तेथील सरकारला ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर करावे लागले. जो समाज पूर्वी रंगूनमध्ये आपल्या हक्कासाठी झगडला, त्याला तोच झगडा यरुशलेममध्येही द्यावा लागला. आणि तेथे तो एकजुटीने दिला गेला याचे श्रेय शाळा, परिषदा, मंडळे आणि सिनेगॉग यांनी दीडशे वर्षांत लावलेल्या संघटनेच्या सवयीला द्यावे लागते.

इस्रायलमध्ये गेलेल्यांनी सोबत नेलेल्या गोष्टींवरून या इतिहासाचा निष्कर्ष काढता येतो. ससूनांच्या वास्तू मुंबई-पुण्यात राहिल्या, आणि त्यांचे मोल कमी नाही. पण प्रवासात बरोबर गेली ती मराठी कीर्तने, ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक काढण्याची हौस, आणि मलिदा. मलिदा हा एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने केला जाणारा कृतज्ञतेचा विधी. भिजवलेले पोहे, गूळ वा साखर, खोवलेला नारळ आणि फळे यांचे ताट मांडून हिब्रू प्रार्थना म्हटल्या जातात, आणि अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर या संदेष्ट्याच्या घोड्याच्या टापा उमटल्या आहेत अशी श्रद्धा असल्याने तेथे आजही नवस फेडले जातात. मलिद्याला कधीही देणगीदार लागला नाही आणि कीर्तनाला लागला तो नाममात्र. दूर राहणाऱ्या धर्मबांधवांना धर्माशी जोडू पाहणाऱ्या कोणत्याही दात्याला कोकणचा हा समाज एक पक्का धडा देतो : पैसा द्यावा तो शिक्षकाच्या पगाराला, छपाईला आणि शाळेला, निर्णय सोपवावा तो घेणाऱ्यांच्या पंचांवर, आणि धर्म कोणत्या भाषेत बोलेल, कोणत्या चालीत गाईल, हे त्या लोकांनाच ठरवू द्यावे. बेने इस्रायलांनी ते मराठीत ठरवले, म्हणूनच त्यांचे ज्यू असणे आणि मराठी असणे यांत त्यांना कधी निवड करावी लागली नाही.